चौसष्ट खणांचं कपाट

देवळाली कॅम्पातल्या दातांच्या चिनी डॉक्टरची मुलगी मेई हिने मला फसवलं. भर दुपारी, माझ्याच गोडाऊनमध्ये, माझ्याच स्टुलावर बसून फसवलं. बाजारात तुम्हाला उलटं ऐकायला मिळेल. निंबाशेठने अमक्याला गुंडाळलं, तमक्याच्या सागवानाला आंब्याच्या लाकडाचा भाव दिला, असं सांगणारे नाशकात द्वारकेच्या चौकात पैशाला पासरी भेटतील. त्यातलं निम्मं खरं आहे. पण या एका बाबतीत फसलो तो मी, आणि ते आज छापून येऊ द्या.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले होते. माझ्याकडे तसे बरेच आहेत. लिहायला बसलो की मात्र हाच पुढे येतो, आणि दुसऱ्याला येऊ देत नाही.

मी जुन्या सामानाचा व्यापारी. सटाण्याहून सतराव्या वर्षी आलो तो हमाल म्हणून. ज्यांची कपाटं पाठीवर वाहिली त्यांचीच पुढे विकत घेतली. आमचा चांगला माल देवळालीतून यायचा. लष्करातल्या साहेबाची बदली झाली, एखाद्या पारशी बाईने बंगला बंद केला, की निरोप यायचा. खरेदी दोन तऱ्हेची. एक नगावर, म्हणजे खुर्चीचा भाव वेगळा, पलंगाचा वेगळा. दुसरी उक्ती. उक्त्या सौद्यात खोलीत एक चक्कर मारायची, खण ओढायचे नाहीत, कपाटं उघडायची नाहीत, आणि सगळ्याचा मिळून एकच आकडा बोलायचा. हातावर हात पडला की संपलं. आत दागिना निघाला तर मालकाने मागायचा नाही, वाळवी निघाली तर आपण बोंबलायचं नाही. खोलीत जे असेल ते घेणाऱ्याचं.

उक्त्या सौद्यात माझा हात धरणारा नाशकात कोणी नव्हता. मी खोलीत नाकाने शिरायचो. पोकळ लाकडाचा वास ओलसर येतो, बंद खणात कापड असेल तर कुबट येतो. मेईचे वडील वाँग डॉक्टर, त्यांच्या दवाखान्यात मात्र नाक चाललं नाही. तिथे नुसता लवंगेच्या तेलाचा वास होता, आणि तो इतका दाट की जिभेवर बसत होता.

नव्वदच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. डॉक्टर सत्तरी ओलांडलेले, बारीक, ताठ. त्यांचा जन्म देवळालीतलाच. मराठी-हिंदीची खिचडी बोलायचे, पण एकही शब्द वाया घालवायचे नाहीत. बायको गेलेली. मेई तिशीची, कॅम्पातल्याच एका शाळेत शिक्षिका. हात थरथरायला लागले म्हणून डॉक्टर दवाखाना बंद करत होते. खोलीत दात काढायची लोखंडी खुर्ची, दोन बाकं, एक आरसा, आणि भिंतीला लागून ते कपाट. आठ आडवे, आठ उभे, असे चौसष्ट छोटे खण. शिसवी. एकाही खणाला कुलूप नाही, आणि हात लावायची मला मुभा नाही. माझा जीव त्या कपाटात अडकला.

आम्ही तासभर घासाघीस केली. त्या दिवशी माझी दाढ सुजलेली होती आणि बोलताना मी गाल दाबत होतो. माझा आकडा तोंडात असतानाच डॉक्टर म्हणाले, "बस. तोंड उघड."

"आधी भावाचं बोला, डॉक्टर."

"भाव दुखत नाही. दाढ दुखते. बस."

बसलो. थरथरणारा हात माझ्या तोंडात गेला तेव्हा एकदम स्थिर झाला. कधी दाढ निघाली कळलं नाही. पण ते लगेच बाजूला झाले नाहीत. बराच वेळ माझ्या उघड्या तोंडात बघत राहिले. दातांकडे नाही, त्यांच्या पलीकडे, घशाकडे, जिथून बोलणं येतं तिकडे. मग टेबलाशी जाऊन ब्रशने एका चिठोऱ्यावर चार अक्षरं काढली, उलट्या बाजूला बारीक काहीतरी लिहिलं, दाढ त्यात गुंडाळली आणि एका खणात ठेवून दिली.

"काय लिहिलंत?"

"तुला लागेल ते. प्रत्येकाला लिहितो. आमच्याकडे चार अक्षरांत एक गोष्ट बसते. म्हातारा झालास की ये, वाचून दाखवतो."

"आत्ताच सांगा की."

"आत्ता तू ऐकशील, आणि हसशील."

मी हसलोच. मग त्यांनी विचारलं, "खोलीतलं सगळं घेणार? विचार करून बोल. सगळं?"

"डॉक्टर, दात घेतो, चिठ्ठ्या घेतो, भुतं असतील तर तीही घेतो. हात पुढे करा."

त्यांनी हात दिला. त्यांचा हात पुन्हा थरथरायला लागला होता.

माल गोडाऊनला आला त्याच दुपारी मी कपाट रिकामं केलं. आमची रीत अशी की जमिनीवर चादर अंथरायची, सगळे खण तिच्यावर उलटे करायचे, मग वस्तूची जात पाहून ढीग लावायचे. धातू एकीकडे, काच एकीकडे, कागद एकीकडे. वस्तू कोणाची हे आम्ही बघत नाही, कशाची हे बघतो. चादरीवर पुड्याच पुड्या पडल्या. प्रत्येक पुडीत एक दात. काही खणांत पाच-सहा पुड्या. काही दातांवर सोन्याची टोपी होती आणि ती दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. भराभर पुड्या सोडल्या. सोनं बाजूला, दात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, चिठ्ठ्या दुसऱ्या डब्यात. अर्ध्या तासात काम उरकलं. माझी स्वतःची दाढ त्यातच गेली. लक्षात होतं, पण एका दाढेसाठी कोण थांबतो?

तीन महिन्यांनी वाँग डॉक्टर गेले. त्यानंतर पहिली म्हातारी आली.

दुपारची वेळ, गोडाऊनमध्ये मी एकटा. मान वर केली तर पलंगांच्या रांगेत एक बाई उभी. गुडघ्यापर्यंत लुगडं, पेठच्या डोंगराकडची, तोंडावर हात धरलेला. कधी आत आली, कोणास ठाऊक.

"काय पाहिजे, आजी?"

"माजा दात दे रं बाबा."

"कोणी पाठवलं तुला?"

"डाक्तरनी. दात काडला तवाच बोलला व्हता. म्हातारी झालीस का नाशकाला जा, द्वारकेला खुर्च्या इकणारा हाय, त्याच्यापाशी माग."

"कधी काढला होतास दात?"

तिने बोटं मोजली. तिचा धाकटा मुलगा पाळण्यात होता तेव्हा. आता त्या मुलाला मुलं झाली होती.

तिने दात काढला तेव्हा द्वारकेला माझं दुकान नव्हतं. मी सटाण्यात शाळा बुडवत होतो.

माझा संताप झाला. मी भ्यालो की मला संतापच येतो, बायको नेहमी म्हणते. म्हटलं, जा म्हातारे, इथे दातबित नाही. ती गेली नाही. खुर्च्या विकायला होत्या, त्यातल्या एकीवर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तोंडावर हात तसाच. संध्याकाळी कुलूप लावताना निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर त्याच खुर्चीपाशी उभी. तिसऱ्या दिवशी दोघं होते. आठवड्याभरात सातजण. कोणी भांडत नव्हतं, मागत नव्हतं. गिऱ्हाइकं दारातून मागे फिरायला लागली. एकाने विचारलंसुद्धा, "शेठ, आत मयत झालंय का?"

तेव्हा मला कळलं की उक्त्या सौद्यात मी काय घेतलं होतं. म्हाताऱ्याने आयुष्यभर लोकांना दिलेला शब्द त्या खोलीत पडून होता, आणि मी 'सगळं' म्हणालो होतो.

चिठ्ठ्या चिनी अक्षरांत, त्या वाचणारी माझ्या माहितीत एकच, म्हणून मी देवळालीला मेईकडे गेलो. तिला वडिलांची लोखंडी खुर्ची परत हवी होती, हे मला माहीत होतं. दोनदा निरोप आला होता. मी सौदा टाकला. दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर गोडाऊनला यायचं, लोकांना चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या. वर्षभराने खुर्ची तिची.

"बाबांनी प्रत्येक चिठ्ठी एका माणसासाठी लिहिली होती, शेठ," ती म्हणाली. "तुमच्याकडे त्या नीट लावलेल्या आहेत ना?"

"ते मी बघतो. माझी एकच अट. मी हातात देईन ती चिठ्ठी वाचायची. कोणाची, कशाची, काही विचारायचं नाही."

"मागून तक्रार नको हं."

"निंबाने दिलेला शब्द फिरवलेला ऐकलायस का कधी?"

ती हो म्हणाली.

पुढचं मी कबूल करून टाकतो. डब्यात हात घालायचा, हाताला लागेल तो दात, हाताला लागेल ती चिठ्ठी. समोरच्याला द्यायची, मेईने वाचायची. पेठच्या म्हातारीला निघाली ती एका सैन्याची गोष्ट. बर्फात वाट चुकलेलं सैन्य. कोणाला काही सुचेना तेव्हा म्हाताऱ्या घोड्यांचे लगाम सोडून दिले आणि सगळे त्यांच्या मागून घरी गेले. म्हातारीने तोंडावरचा हात पहिल्यांदा खाली घेतला. "खरा बोलला गं," ती मेईला म्हणाली. "घरातली आता मला मोजत नाय. पोरं चुकलीत, मला वाट म्हाईत हाय." दात पदराला बांधला आणि गेली.

महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला एकजण आला. त्याला मिळाली ती चुलीच्या धुराड्याची गोष्ट. पाहुणा सांगतो, सरपण धुराड्यापासून लांब ठेवा. यजमान ऐकत नाही. घर पेटतं. विझवणाऱ्यांना जेवण मिळतं, पाहुण्याला कोणी बोलवत नाही. तो माणूस माझ्याच बाकावर बसून हमसून रडला. पाइप फुटणार म्हणून त्याने साहेबांना तीनदा लिहून कळवलं होतं म्हणे.

एकही चिठ्ठी चुकली नाही. मी आंधळेपणाने वाटत होतो आणि ती ज्याला जायची त्यालाच जात होती. सुरुवातीला मजा वाटली. मग शुक्रवारपासूनच डबा नजरेआड ठेवायला लागलो. डब्यात हात घातला की वाटायचं, आतून कोणीतरी चिठ्ठी बोटांत सरकवतंय. सकाळी दुकान उघडावं तर कपाटाचे दोन-तीन खण बोटभर बाहेर आलेले असायचे. लाकूड हवेने फुगतं आणि आक्रसतं, हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय. स्वतःला सांगताना पटायचं नाही.

मेई एकदा म्हणाली, "शेठ, तुमची नाही वाचायची?"

"मला काय गरज? मी रोजच जग बघतो."

दिवाळीच्या आदल्या शनिवारी तात्या आले. मखमलाबादचे, झेंडू आणि शेवंती करणारे. सणाची गडबड असून धोतर झटकून आले होते. दहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचा दात काढला होता. मी डब्यातून एक पुढचा दात काढला, एक चिठ्ठी काढली, मेईला दिली.

तिने उघडली. उलटी केली. मागचं बारीक अक्षर वाचलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिने कधी असं बघितलं नव्हतं.

"शेठ, ही यांना देताय?"

"अट काय ठरली होती?"

"एकदा परत विचारते. हीच वाचू?"

"वाच म्हणतो ना! दिवाळीचा माल पडलाय माझा."

मग तिने वाचली. एक मेंढपाळ असतो. त्याच्या वाड्याचं कुंपण मोडतं, रात्रीत एक मेंढी जाते. शेजारी म्हणतो, कुंपण बांधून घे. हा म्हणतो, गेली ती गेली, आता बांधून काय उपयोग? दुसऱ्या रात्री आणखी एक जाते. तेव्हा हा उठतो आणि कुंपण बांधतो.

"मग?" तात्यांनी विचारलं.

"मग काही नाही. बाकीच्या मेंढ्या राहिल्या."

तात्या पायातल्या चपलांकडे बघत बसले. म्हणाले, "माझा धाकटा भाऊ गंगापूरला असतो. विहिरीवरून बोलणं नाही आमचं. आई गेली, तेव्हाही बोललो नाही." चिठ्ठी टोपीत ठेवून उठले. "बस आहे आता गंगापूरची?" मी म्हटलं, आहे. ते गेले. मेई मात्र स्टुलावरून हलली नाही. मी सांगून टाकलं, आजचं झालं, जा. जाताना तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आता मला माझ्या भावाचं सांगावं लागतं. दामूभाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सटाण्याला टेम्पो घेऊन गेलो होतो. जाणं सोयीचं म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. तेराव्याचं जेवण उरकलं, माणसं पांगली, आणि मी वडिलांच्या बाजेजवळ उभा राहिलो. सवयीने तिच्या पायावर बोटाचं पेर वाजवून बघितलं. लाकूड भरीव आहे का पोकळ, ते आम्ही असंच बघतो. दारातून दामूभाऊने ते बघितलं.

"बाप काय भंगार शे का तुना?" तो आमच्या अहिराणीत ओरडला. मीही ओरडलो. त्याचा शेवटचा शब्द होता, "तू मना भाऊ नही शे." त्यानंतर अकरा वर्षं मी सटाण्याला गेलो नाही. कांद्याच्या गाड्या रोज तिथून द्वारकेवरून जात होत्या, ड्रायव्हर मला ओळखत होते. कोणाही बरोबर निरोप धाडता आला असता.

मार्गशीर्षात वहिनीचा फोन आला. "तुमना भाऊ गया." मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. वहिनी म्हणाली, दिवाळीच्या आधीपासून अंथरुणावर होते. दाराकडे तोंड करून पडत. "रोज इचारेत, निंबा उना का?" आला का, म्हणून रोज विचारायचा.

मेईचं वर्ष संपलं. मी खुर्ची देवळालीला पोहोचती केली, भाडंही घेतलं नाही. दोन वर्षांनी ती परदेशात नातेवाइकांकडे गेली. दात मागणारे हळूहळू थांबले. कपाट मात्र विकलं जाईना. दोनदा गेलं, दोनदा परत आलं. दुसऱ्या वेळी गिऱ्हाइकाने पैसेही मागितले नाहीत.

पुढे बऱ्याच वर्षांनी, नाशकातल्या अंबडच्या कारखान्यांत चिनी यंत्रं यायला लागली, त्या सुमारास तात्या पुन्हा आले. खूप थकले होते. बरोबर त्यांचा भाऊ होता, गंगापूरचा, त्यांना दंडाला धरून चालवत होता. तात्यांनी टोपीतून ती चिठ्ठी काढली.

"शेठ, ही तुमची तुम्ही ठेवा. माझी नव्हे ही."

"कशावरून?"

"डॉक्टरांनी माझी दाढ काढली होती. तुम्ही मला पुढचा दात दिला." त्यांनी गाल ओढून रिकामी जागा दाखवली. "मला तेव्हाच कळलं होतं. पण गोष्ट ऐकल्यावर परत द्यायचा जीव होईना. म्हटलं, माझं होईपर्यंत वापरतो, मग ज्याची असेल त्याला जाऊ दे. आता माझं झालं." भाऊ बाजूला उभा राहून हसत होता.

मी ती चिठ्ठी घेऊन अंबडला गेलो. एका कारखान्यात यंत्रं बसवायला चीनहून तंत्रज्ञ आले होते, मालक माझ्या ओळखीचा. दुभाष्याला म्हटलं, पुढच्या बाजूची गोष्ट मला माहीत आहे, मागच्या बाजूला बारीक काय आहे ते विचार. तंत्रज्ञाने हात पुसले, चिठ्ठी उजेडात धरली आणि गोंधळला. म्हणाला, हे शब्द नाहीत, नुसते आवाज लिहिलेत. कोणाचं तरी परदेशी नाव असावं. मग एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागला.

"निन. बा."

बोट पुढे सरकवलं. "सा. ता. ना."

यंत्राचा घरघराट चालू होता तरी मला ते नीट ऐकू आलं. दुभाष्याने विचारलं, गाव आहे का हे? मी म्हटलं, हो, गाव आहे.

मी डॉक्टरांना सटाण्याचं नाव सांगितलेलं नव्हतं. भावाचं तर मी बायकोशीही बोलत नव्हतो. त्या दुपारी मी तासभर फक्त भाव बोललो, आणि पाच मिनिटं तोंड उघडं ठेवून बसलो. एवढ्यात त्या माणसाला काय दिसलं, हे त्यालाच ठाऊक. तो गेला. त्याच्याकडून मी उत्तर मागत नाही.

पण मेई, तू आहेस. तू ते नाव वाचलंस. नाव माझं, गाव माझं, आणि मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो. त्या शनिवारी माझा भाऊ जिवंत होता आणि दाराकडे तोंड करून पडला होता. सटाण्याची शेवटची गाडी सुटायला तीन तास बाकी होते. तू दोनदा विचारलंस हे खरं. मी दोनदा खेकसलो हेही खरं, आणि त्या डब्यात हात घालणारा मीच होतो. त्याचं काय ते मी माझं भरतोय. पण तिसऱ्यांदा विचारायला तुला किती वेळ लागला असता? "शेठ, यावर तुमचं नाव आहे" एवढंच. अट मोडली म्हणून मी काय केलं असतं? खुर्ची अडवली असती. खुर्चीच ना?

मी तुला तीन पत्रं लिहिली. कॅम्पातल्या तुझ्या शाळेतल्या बाईंकडून पत्ता घेतला, तो बरोबर होता, कारण पत्रं परत आली नाहीत. उत्तरही आलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे. देवळालीतल्या कोणीतरी हा अंक तिला पाठवावा, टपालखर्च मी देईन. मेई, वडिलांवर ढकलू नकोस आणि अटीमागे लपू नकोस. तू गप्प का बसलीस, ते मला लिहून कळव.